सीमेपलीकडचं दुकान : बिदरी, निर्मल आणि आपला मराठवाडा

इतिहासावरचं व्याख्यान म्हटलं की किल्ले, लढाया, राजघराणी आणि सनावळ्या यांची आपल्याला सवय झालेली असते. आज आपण एका दुकानाबद्दल बोलणार आहोत. कारागिराच्या घराला लागून असलेलं, घरच्याच माणसांनी चालवलेलं हस्तकलेचं दुकान. नांदेड-लातूरच्या माणसानं अशा दुकानाकडे इतिहास म्हणून का बघावं, एवढाच आजचा विषय.

सुरुवात कागदापासून करू. उदगीर, अहमदपूर किंवा निलंग्याच्या एखाद्या जुन्या घरात शेताची कागदपत्रं असतील तर ती काढून बघा. १९५६ च्या आधीची असली तर त्यात जिल्हा लातूर सापडणार नाही, उस्मानाबादही नाही. तिथं जिल्हा बीदर लिहिलेलं असेल. किनवटच्या घरात हेच करा, तिथं जिल्हा आदिलाबाद निघेल. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झालं, पण त्याचे जिल्हे आणखी आठ वर्षं तसेच राहिले. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली आणि जिल्ह्यांची वाटणी झाली. बीदर जिल्ह्याचे उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके उस्मानाबादला जोडले गेले, म्हणजे त्या वेळच्या मुंबई राज्यात आले. बीदर, भालकी, औराद आणि हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. नारायणखेड आणि जहीराबाद आंध्रात गेले. तिकडं किनवट नांदेडला मिळालं, आणि नांदेडचा मुधोळ-भैंसा भाग आदिलाबादला गेला. पुढे १९६० ला महाराष्ट्र झाला, १९८२ ला लातूर जिल्हा झाला, २०१४ ला तेलंगणा झालं. दर खेपेला नकाशाचा रंग बदलला.

भाषेच्या दृष्टीनं हे योग्यच झालं. मराठी माणसाला मराठी राज्य हवं होतं आणि त्यासाठी लोकांनी सोसलेलंही आहे. पण वाटणीत शेतं, शाळा, कचेऱ्या यांचा हिशेब होतो, तसा गिऱ्हाईक आणि कारागीर यांच्या नात्याचा होत नाही. बीदर ही बिदरीची पेठ, निर्मल ही लाकडी खेळण्यांची आणि चित्रांची पेठ. उदगीरकरांना बिदरी आणि किनवटकरांना निर्मलची खेळणी ही आपल्याच जिल्ह्यातली वस्तू होती. एका तारखेनंतर ती परराज्यातली झाली. वस्तू तिथंच आहेत, रस्तेही तिथंच आहेत, फक्त आपलं बघणं बदललं.

रस्त्यांचं बघा. लातूर रोडहून विकाराबादकडे जाणाऱ्या रेल्वेत बसलं की उदगीर, कमलनगर, भालकी आणि मग बीदर येतं. दुसरीकडं कल्याणहून अहिल्यानगर, परभणीमार्गे नांदेडला येणारा महामार्ग पुढे भोकर आणि भैंसा करत थेट निर्मलला जातो. म्हणजे आपल्या दोन्ही शहरांतून एकेक सरळ वाट एकेका कारागिरांच्या गावाला जाते. आपण त्या वाटेनं हैदराबादच्या दवाखान्यात जातो, लग्नाला जातो, दर्शनाला जातो. दुकानात मात्र क्वचित उतरतो.

आम्ही काहीजण मुद्दाम उतरलो, बीदरला. शहराच्या मध्यभागी चौबारा नावाचा उंच गोल बुरूज आहे. त्याच्या आसपासच्या रस्त्यांवर बिदरीची लहान लहान दुकानं आहेत. बाहेर काचेचं कपाट, आत एक बैठक, आणि मागच्या पडवीतून हातोडीचा बारीक ठकठक आवाज. आम्ही आत शिरताच वस्तूंच्या किमती विचारू लागलो, तर मालक चाचा म्हणाले, "जल्दी नक्को. पहले बैठो, देखो, चाय पियो." आपल्याकडच्या कुणालाही ही दखनी अनोळखी नाही.

मग आम्ही बघत बसलो. ते कपाट बघता बघता लक्षात आलं की खालपासून वरपर्यंत इतिहास मांडून ठेवलेला आहे, फक्त वाचता यायला हवा. सगळ्यात खालच्या फळीवर हुक्क्याचं बूड, पानदान आणि आफताबा, म्हणजे हात धुवायची झारी. आज यातलं काहीच कुणी वापरत नाही. मधल्या फळीवर फुलदाण्या, ऍशट्रे, कफलिंक आणि सिगारेटच्या डब्या. हे साहेबी गिऱ्हाइकाचं सामान. वरच्या फळीवर पेन-स्टँड, कानातले, किल्लीची साखळी आणि सत्काराची स्मृतिचिन्हं. तीन फळ्या म्हणजे तीन काळातले तीन गिऱ्हाईक. नवाब, साहेब, आणि आता तुम्ही-आम्ही.

ही वस्तू बनते कशी, ते आधी समजून घेऊ, कारण त्यातच हा धंदा घरात का राहिला याचं उत्तर आहे. बिदरीचा मूळ धातू जस्त. त्यात थोडं तांबं, साधारण सोळाला एक या प्रमाणात. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं. लोखंडाला किंवा तांब्याला लागते तसली मोठी भट्टी त्याला लागत नाही, घरच्या अंगणातली लहान भट्टी पुरते. तांबडी माती, एरंडेल आणि राळ यांचा साचा करायचा, त्यात रस ओतायचा. भांडं निघालं की कानशीनं घासायचं. मग मोरचुदाचं पाणी लावून ते तात्पुरतं काळं करायचं. हे कशासाठी, तर त्यावर टोकदार सळईनं नक्षी काढली की पांढरी रेघ उठून दिसते. छापा नसतो, कागद नसतो, हात सरळ भांड्यावर चालतो. मग छिन्नीनं ती रेघ कोरायची आणि त्या चरात चांदी ठोकून बसवायची. तार बसवली तर तारकशी, पत्र्याचे तुकडे बसवले तर तहनिशान.

यानंतर एक गंमत होते. भांडं पुन्हा घासून गुळगुळीत करतात. मोरचुदाचा काळा रंग निघून जातो. आता जस्तही पांढरं आणि चांदीही पांढरी. इतके दिवस खपून काढलेली नक्षी दिसेनाशी होते. शेवटी भांडं गरम करून त्याला नवसागर आणि बीदरच्या किल्ल्यातली जुनी माती यांचा लेप लावतात. जस्त गडद काळं पडतं, चांदीला काही होत नाही. काळ्या रात्रीत चांदणं उगवावं तशी नक्षी वर येते. ही माती वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची लागते. कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. कोणती माती चालेल हे पुस्तकात वाचून येत नाही. ते बापाच्या शेजारी बसून, त्यानं थुंकून टाकलेली आणि त्यानं ठेवून घेतलेली माती बघून येतं.

म्हणून हा धंदा घराण्यात राहिला. एक माणूस ओतकाम करणार, दुसरा कोरणार, तिसरा चांदी बसवणार, आणि घरातलाच कुणीतरी गिऱ्हाइकाशी बोलणार. दुकान आणि कारखाना यांच्यात एका भिंतीचं अंतर. गिऱ्हाईक काय मागतं ते संध्याकाळी मागच्या पडवीत कळतं आणि आठ दिवसांत कपाटात येतं. वरच्या फळीवरची किल्लीची साखळी कोणत्या कलापंडितानं सुचवलेली नाही. कुणीतरी विचारली असणार, म्हणून ती बनली.

आता थोडा राजांचा इतिहास, पण दुकानाच्या बाजूनं. बहमनी सुलतान अहमदशाह वली यानं पंधराव्या शतकात राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणली. त्याच्या काळात इराणकडचा कारागीर इथं आला आणि त्यानं ही कला शिकवली, असं बीदरचे कारागीर सांगतात. ती परंपरेतली गोष्ट आहे. संग्रहालयांत आज ज्या जुन्या बिदरी वस्तू आहेत त्या मुख्यतः सतराव्या शतकापासून पुढच्या. पण बीदरच्या किल्ल्यातला रंगीन महाल बघितला तर एक धागा सापडतो. सोळाव्या शतकात अली बरीदच्या काळात तिथं काळ्या दगडात शिंपल्याचे चमकदार तुकडे बसवलेले आहेत. काळ्यावर पांढरं, कोरून बसवलेलं. धातू नाही, दगड आहे, पण आवड तीच आहे. आणि हे बरीद काही आपल्याला परके नव्हेत. कंधार, उदगीर आणि औसा हे आपले किल्ले याच घराण्याशी जोडलेले आहेत.

पुढे १६१९ ला विजापूरकरांनी बीदर घेतलं, १६५७ ला औरंगजेबानं घेतलं, नंतर निजाम आले. तख्तं बदलली, पण हुक्का ओढणारे राहिले, म्हणून कारागीरही राहिला. हुक्क्याचं बूड आधी नारळासारखं गोल असायचं, अठराव्या शतकात ते घंटेच्या आकाराचं झालं. मोगली फुलं नक्षीत आली. लखनौ आणि पूर्णियालाही बिदरीचं काम होऊ लागलं, औरंगाबादलाही झालं, पण नाव बीदरचंच राहिलं. १८५१ ला लंडनमध्ये जगातलं मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं, तिथं बिदरी मांडली गेली. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात आज दिसतो तो संग्रह म्हणजे एका सरदार घराण्याची खरेदी होय. असा गिऱ्हाईक मिळाला तर कारागीर एका वस्तूवर महिनोन् महिने बसू शकतो.

हा गिऱ्हाईक गेला कधी? १९४९ ला हैदराबाद राज्यात जहागिऱ्या रद्द झाल्या. रयतेच्या मानेवरचं जोखड उतरलं, ते उतरायलाच हवं होतं. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला याचं महत्त्व सांगायची गरज नाही. पण त्याच जहागिरदाराच्या दिवाणखान्यात बिदरीचं पानदान होतं. त्याचं उत्पन्न थांबलं आणि चौबाऱ्याजवळच्या दुकानातली मागणीही थांबली. न्यायाच्या एका गोष्टीमुळे एका कारागिराची चूल थंड होऊ शकते, हे इतिहासात वारंवार दिसतं. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात, आणि दोन्ही सांगाव्या लागतात.

मग सरकार गिऱ्हाईक झालं. १९५२ ला अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झालं. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी त्याचं काम उभं केलं. १९५५ ला निर्मलला खेळण्यांच्या कारागिरांची सहकारी संस्था झाली. राज्याराज्यांची हस्तकला विक्री केंद्रं निघाली. यामुळे धंदे तगले हे मान्य केलं पाहिजे. पण ही केंद्रं राज्यांची होती. बिदरी कर्नाटकाच्या कावेरीत गेली, निर्मल आंध्रच्या लेपाक्षीत आणि नंतर तेलंगणाच्या गोलकोंडात गेलं. २००६ ला बिदरीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ ला बीदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. दोन्ही वेळा ती कर्नाटकाची बातमी होती. पैठणी आणि हिमरू आपले, बिदरी त्यांची, अशी वाटणी आपल्या मनातही पक्की झाली.

आता निर्मलकडे वळू. तिथली खेळणी पोणिकी नावाच्या हलक्या, मऊ लाकडाची. तुकडे जोडायला आणि पृष्ठभाग सारखा करायला चिंचोक्याचा लगदा आणि लाकडाचा भुसा. फळं, भाज्या, पक्षी, हरणं, इतकी हुबेहूब की लेकरानं सीताफळ उचलून चावायला जावं. हे काम नकाश घराण्यांचं. इथली अडचण वेगळी आहे. बीदरला माती आणि चांदी, तर निर्मलला लाकूड. पोणिकी जंगलातून यायची, जंगल कमी झालं, लाकूड मिळणं कठीण झालं. त्यातच प्लॅस्टिकचं खेळणं बाजारात आलं. खेळणं विकत घेणारं लेकरू गेलं आणि शोकेससाठी विकत घेणारा पाहुणा आला.

हा बदल फक्त आपल्याकडचा नाही. मेक्सिकोत ओआहाका शहराजवळ सान बार्तोलो कोयोतेपेक नावाचं कुंभारांचं गाव आहे. तिथली मडकी राखाडी आणि टणक असायची, पाणी आणि दारू भरायला उपयोगी. १९५० च्या सुमारास डोन्या रोसा या कुंभारणीनं एक गोष्ट हेरली. भाजण्याआधी मडकं गारगोटीनं घोटलं आणि भट्टीत कमी वेळ ठेवलं तर ते चकचकीत काळं होतं. ही काळी भांडी जगभर गाजली. तिच्या कुटुंबाचं घर, कारखाना आणि दुकान हे सगळं आजही पर्यटकांची बघायची जागा आहे. मात्र ते चमकदार मडकं पूर्वीसारखं पाणी धरत नाही. मडक्याची शोभेची वस्तू झाली, म्हणून गाव जगलं. मेक्सिकोच्या सरकारनं १९२१ लाच राजधानीत लोककलांचं प्रदर्शन भरवून, ही आपल्या देशाची ओळख आहे असं ठरवलं होतं. ओळख ठरली की बाजार मिळतो, पण वस्तूचं घरातलं काम संपतं. बिदरीचा हुक्का, निर्मलचं खेळणं आणि कोयोतेपेकचं मडकं हे तिघे एकाच वाटेचे प्रवासी आहेत.

मग गिऱ्हाईकच सगळं ठरवतो का? बऱ्याच अंशी हो. याचं एक उदाहरण आपल्याच अंगणात आहे. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या नांदेडच्या केंद्रात राष्ट्रध्वज तयार होतो, आणि त्याचं कापड उदगीरला विणलं जातं. हातसूत, हातमाग, ठरलेली मापं, ठरलेला रंग. बाजारात स्वस्त कापडाचा ढीग असताना हे काम टिकलं, कारण त्याला दरवर्षी हमखास मागणी आहे. पंधरा ऑगस्ट आला की ध्वज लागतोच. उदगीर आणि नांदेड हे एका धाग्यानं बांधलेले आहेत ते या मागणीमुळे.

आता मुद्द्यावर येतो. बीदरच्या त्या दुकानात आम्ही विचारलं, पुढे हे कोण चालवणार? चाचांनी उत्तर द्यायच्या आधी मागच्या पडवीकडे बघितलं. तिथं त्यांचा धाकटा कोरत बसला होता. थोरला हैदराबादला नोकरीला. "हात अच्छा थोरले का था," एवढंच ते म्हणाले. हात चांगला असलेला मुलगा गेला, याचा अर्थ कला त्याला येत नव्हती असा नाही. चांदी रोखीनं घ्यावी लागते, तिचा भाव रोज वर जातो, वस्तू विकली जाईपर्यंत पैसा अडकून पडतो, आणि गिऱ्हाईक आला की घासाघीस करतो. शिकलेल्या मुलानं हा हिशेब मांडला आणि तो गेला. एक हात गेला की त्याच्याबरोबर माती पारखणारी एक जीभही जाते.

इथं आपण काय करू शकतो? भाषणं नकोत, आपल्या घरचा हिशेब बघू. मराठवाड्यात सत्कार किती होतात! शाळा, महाविद्यालयं, पतसंस्था, साहित्य संमेलनं, निवृत्तीचे कार्यक्रम. शाल, श्रीफळ आणि एक स्मृतिचिन्ह. ते स्मृतिचिन्ह बहुधा काचेचं किंवा ऍक्रिलिकचं, वर चिकटवलेला छापील कागद. दोन वर्षांत तो सुटतो आणि वस्तू माळ्यावर जाते. त्याऐवजी लातूर-उदगीरच्या संस्थांनी बीदरहून आणि नांदेड-किनवटच्या संस्थांनी निर्मलहून वस्तू घेतल्या, तर वर्षभराची ठरलेली मागणी तयार होते. ध्वजाच्या कापडाला जे मिळालं तेच थोड्या प्रमाणात यांना मिळेल. हे उपकार नव्हेत. चांगली वस्तू योग्य भावानं घेणं आहे.

घ्यायला जाल तेव्हा घाई करू नका. मागची पडवी दाखवा म्हणा, बहुतेक ठिकाणी आनंदानं दाखवतात. तारेचं काम आहे की पत्र्याचं ते विचारा. नक्षी जितकी दाट, तितकी चांदी आणि तितके दिवस. भाव सांगितला की आधी दिवस मोजा, मग बोला. आणि आणखी एक, घरी आणल्यावर बिदरीला चिंच, राख किंवा पितांबरी लावू नका. तांब्या-पितळेच्या सवयीनं घासाल तर काळा रंग जाईल आणि नक्षी मावळेल. मऊ फडक्यानं पुसा, अधूनमधून तेलाचा बोट फिरवा, बस.

शेवटी इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एक काम देऊन थांबतो. तुमच्या घरात, आजोळी, शेजारी कुठं जुनं काळं पानदान, झारी किंवा लाकडी फळांची परडी असेल तर तिचा फोटो घ्या. ती कुणी घेतली, कोणत्या बाजारातून, कोणत्या लग्नात आली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहून ठेवा. १९५६ च्या आधी हा माल आपल्या गावांत कसा यायचा, कोण आणायचं, कोण घ्यायचं, याची नोंद सरकारी दप्तरात फारशी मिळणार नाही. ती आठवणींत आहे, आणि त्या आठवणी असलेली माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत. तेव्हा हे काम पुढच्या सुट्टीवर टाकू नका. एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.